धीर देणाऱ्यास धीर

वरिष्ठांच्या चुका मोजण्यात आपण सारेच तरबेज. परंतु त्यांनी एखादे काम चोख केले, तर आपल्या जिभेस कुलूप पडते. ‘ते तर त्यांचे कर्तव्यच!’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण इतरांना धीर देणाऱ्यास धीर कोणी द्यावयाचा?

दक्षिण ध्रुवाच्या सफरीवर निघालेल्या अर्नेस्ट शॅकल्टन यांचे ‘एन्ड्युरन्स’ जहाज १९१५ साली बर्फात चिरडून बुडाले. एप्रिल १९१६ मध्ये ते पाच सोबत्यांसह मदत आणण्यास होडीने निघाले. एलिफंट बेटावर बावीसजण मागे राहिले. त्यांचे नेतृत्व फ्रँक वाइल्ड यांच्याकडे आले. दोन होड्या उपड्या घालून त्यांनी निवारा केला. शॅकल्टन कदाचित आजच येतील, असे सांगून वाइल्ड रोज सकाळी बिछाने गुंडाळावयास लावीत. सोबतीही त्यांना विसरले नाहीत. त्या ओल्या, काळोख्या खोपटास महालाची ऐट देणारे विनोदी गीत रचून ते वाइल्ड यांच्याच नावे गात. त्यात थट्टा होती, तसे कौतुकही होते. ३० ऑगस्ट १९१६ रोजी सुटका झाली, तेव्हा बावीसहीजण जिवंत होते.

वाचकहो, आपल्या मुकादमाने पाळ्या न्यायाने वाटल्या, तर तसे त्यास अवश्य सांगावे. खुशामत स्वार्थापोटी होते. कौतुक घडलेल्या गोष्टीचे होते. थट्टाही प्रसंगाची करावी, माणसाच्या व्यंगाची नव्हे. चांगल्या वागणुकीची दखल घेतली गेली, की ती पुन्हा करण्यास हुरूप येतो, असे आम्हांस वाटते.