दुखण्याचा हिशेब कोण ठेवणार?

पावसाळा ओसरू लागला की शालेय क्रीडा स्पर्धांची धामधूम सुरू होते. आधी तालुका, मग जिल्हा, विभाग आणि राज्य. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांतली मुले-मुली काही आठवड्यांच्या अंतराने एकेक पायरी चढतात. जो चांगला खेळतो, तो शाळेकडून खेळतो, क्लबकडून खेळतो आणि पहाटे अकादमीतही घाम गाळतो. तिन्ही ठिकाणचे प्रशिक्षक वेगळे. त्यामुळे आठवड्यात त्याने एकूण किती षटके टाकली किंवा किती चढाया केल्या, हे कोणालाच ठाऊक नसते.

वाढत्या वयातले शरीर म्हणजे मोठ्यांच्या शरीराची लहान प्रत नव्हे. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या अजून मऊ असतात आणि ताण आधी त्यांच्यावर येतो. गुडघ्याच्या वाटीखाली दुखरे टेंगूळ येणे, टाच ठणकणे ही त्याची नेहमीची लक्षणे. ती बहुधा भार कमी केला की आटोक्यात येतात. कंबरदुखीकडे मात्र अधिक काळजीने पाहावे लागते. बोस्टनच्या एका क्रीडावैद्यक दवाखान्यात कंबरदुखीसाठी आलेल्या १०० किशोर खेळाडूंची तुलना १०० प्रौढ रुग्णांशी करण्यात आली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४७ मुलांच्या मणक्यात ताणामुळे पडलेली चीर आढळली. प्रौढांमध्ये असे रुग्ण केवळ पाच होते. वेगवान गोलंदाजांना हा धोका विशेष असतो. अशी चीर लवकर कळली तर काही महिन्यांच्या विश्रांतीने ती भरून येऊ शकते. दुखत असतानाच खेळत राहिले तर हाड कायमचे न जुळण्याची भीती असते. सुरुवातीच्या काळात साध्या एक्स-रेमध्ये ती दिसेलच असे नाही.

मग मुले बोलत का नाहीत? संघातली जागा जाईल ही भीती असते. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांचीही आशा असते. ‘एवढ्याशा दुखण्याने काय होते’ हे वाक्य घरी आणि मैदानावर दोन्हीकडे ऐकू येते. मग स्प्रे मारून किंवा गोळी घेऊन सामना पार पाडला जातो. गोळीने वेदना दबते, पण हाडावरचा भार तेवढाच राहतो. शरीरातले पाणी कमी झालेले असताना घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडालाही त्रास देऊ शकतात.

यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. अमेरिकेतील ‘लिटल लीग’ या मुलांच्या बेसबॉल संघटनेने २००७ पासून वयानुसार रोजच्या चेंडूफेकीवर मर्यादा घातली. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने १५ वर्षांखालील वेगवान गोलंदाजासाठी सलग सहा आणि दिवसाला १२ षटकांची मर्यादा सुचवली होती. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉलपटू मुलींवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुमारे २० मिनिटांच्या विशिष्ट सराव-व्यायामाने दुखापतींचे प्रमाण जवळपास एक तृतीयांशाने घटले. त्या व्यायामाला चेंडू आणि मोकळी जागा एवढेच पुरते.

आपल्याकडे निदान तीन गोष्टी लगेच करता येतील. प्रत्येक खेळाडूची एक वही असावी आणि शाळा, क्लब व अकादमी या तिघांनी तीत सरावाची नोंद करावी. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती द्यावी. आठवड्याच्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत. आणि दुखापतीमुळे सामना सोडणाऱ्या मुलाचे स्थान व गुण धोक्यात येणार नाहीत, असा नियम क्रीडा खात्याने करावा. हा तिसरा उपाय झाला नाही, तर पहिले दोन कागदावरच राहतील.

पालकांसाठी खूण सोपी आहे. खेळल्यानंतर सगळे अंग दुखणे आणि दोन दिवसांत ते थांबणे स्वाभाविक आहे. मूल एकाच जागी बोट ठेवत असेल, रात्री दुखून जागे होत असेल, लंगडत असेल किंवा मागे वाकताना कंबर धरत असेल, तर पुढचा सामना कितीही मोठा असो, आधी डॉक्टर गाठावा.