तसबिरीची चौकट घरीच करावी

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईस शिळाछापखाना काढला, आणि रंगीत तसबिरी सामान्य लोकांच्याही भिंतींवर आल्या. चौकट मात्र बाजारातूनच आणावयाची, असा आपला समज होऊन बसला. आमच्या मते विद्यार्थ्याने ती स्वहस्ते करावी.

‘अभ्यास बुडेल’, असे पालक म्हणतील. परंतु हाही अभ्यासच होय. चौकटीस आठ काप. प्रत्येक ४५ अंशांचा. दर कापात एकच अंश उणा पडला, तरी शेवटच्या सांध्यात आठ अंशांची फट राहते! समोरासमोरच्या बाजू सारख्या असूनही दोन कर्ण समान भरले नाहीत, तर चौकट तिरकी समजावी. भूमिती पाठ करून जे उमगत नाही, ते करवत शिकविते.

आजोबांचे छायाचित्र काचेस टेकले, तर पावसाळ्याच्या दमटपणाने चिकटून कायमचे बिघडते. म्हणून मध्ये पुठ्ठ्याची कड घालावी. ही काळजी घरचाच मनुष्य आस्थेने घेतो.

आमची पहिली चौकट वाकडी झाली होती. वडिलांनी ती तशीच भिंतीवर लाविली; म्हणूनच दुसरी सरळ झाली.