किंमत कळते, पण उशिरा

गोळ्यांच्या पट्टीवर कमाल किंमत छापलेली असते, म्हणून आपल्याकडे औषधांचे दर उघड आहेत असे मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार दुकानदाराने कंपनीची दरसूची ग्राहकाला सहज पाहता येईल अशी दर्शनी भागात लावायची असते. तुमच्या जवळच्या मेडिकलमध्ये ती कधी पाहिली आहे? आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांना सरकारने दराची मर्यादा घातली आहे. यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते.

पण खरे दुखणे चिठ्ठीत आहे. डॉक्टर ब्रँडचे नाव लिहितात. तेच औषध दुसऱ्या नावाने बरेच स्वस्त मिळत असले, तरी नियमाप्रमाणे दुकानदार ते परस्पर बदलून देऊ शकत नाही. म्हणजे निवड करणारा पैसे देत नाही आणि पैसे देणाऱ्याला निवड नाही. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात. पेन्शनवरच्या घराला हा फरक दर महिन्याला सोसावा लागतो. चिठ्ठी लिहितानाच औषधाचे मूळ नाव, किंमत आणि स्वस्त पर्याय रुग्णाला सांगणे कायद्याने बंधनकारक करा, ही आमची मागणी आहे.