शिकारीचं रान लोकांचं झालं, पण राखण कुणाच्या वाट्याला?

राधानगरी : पावसाळा सरला की फोंडा घाटाच्या वाटेवरच्या दाजीपूरला पर्यटकांच्या गाड्या लागायला सुरुवात होते. जंगलात शिरायचं, सड्यावर थांबायचं, गवा दिसला की फोटो काढायचा आणि संध्याकाळी परत. ज्या रानात हे चालतं, ते एकेकाळी कोल्हापूर संस्थानचं राखीव शिकारीचं रान होतं. सामान्य माणसाला तिथं मोकळेपणी शिरता येत नव्हतं.

दरबारानं शिकारीसाठी रान राखलं, म्हणून तिथं कुऱ्हाड मोकाट चालली नाही. पुढं १९५८ मध्ये दाजीपूर गवा अभयारण्य झालं. १९८५ मध्ये हद्द वाढून राधानगरी अभयारण्याचं क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटरवर गेलं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं. शाहू महाराजांनी उभारायला घेतलेल्या राधानगरी धरणाला आणि काळम्मावाडीला पाणी पुरवणारं रानही हेच. म्हणजे कोल्हापूरकराच्या नळाचं आणि उसाचं मूळ इथंच.

पण दुसरी बाजू बांधावर दिसते. गव्याला अभयारण्याची हद्द कळत नाही. उन्हाळ्यात चारा-पाणी आटलं की कळप खाली उतरतो आणि रात्रीत ऊस, भात, भुईमूग तुडवून जातो. डिसेंबर २०२१ मध्ये तर गवा थेट कोल्हापूर शहरापर्यंत आला होता. १९७२ च्या कायद्यानं गव्याला पूर्ण संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. पण म्हणून शेतकऱ्यानं रात्र रात्र जागायचं, सकाळी पंचनाम्यासाठी वाट बघायची, हे किती दिवस?

भरपाईची तरतूद आहे. मात्र भरपाई हा नुकसान झाल्यानंतरचा इलाज झाला. आधीचा इलाज जंगलातच आहे : गवताचे सडे जपणं, तण हटवणं, पाणवठे टिकवणं. आणि पर्यटकांनी मोजलेला पैसा गाइड, जेवण, मुक्कामाच्या रूपानं लगतच्या वाड्यांत राहिला, तर गवा त्यांनाही आपला वाटेल.

संस्थानच्या काळात रान राजाचं होतं, राखणही राजाची. आता रान सगळ्यांचं आहे. मग राखणीचा भार एकट्या बांधावरच्या माणसावर टाकून चालायचं नाही.