कार्यादेश कधी पूर्ण झाला म्हणावा?

दुरुस्तीचा कार्यादेश हा अभियांत्रिकी विभागाचा कागद, शास्त्रज्ञाचा त्याच्याशी संबंध स्वाक्षरीपुरता, अशी आपल्या संशोधन संस्थांत समजूत आहे. कीटक-संगोपन कक्षात ती महागात पडते. नोएडात मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत कक्षाचे वातानुकूलन बंद पडले, तर तांदळावरील पतंगाचे प्रजनन मंदावते. त्याच्याच अंड्यांवर ट्रायकोग्रामाची पैदास होत असल्याने पुढची ट्रायकोकार्डे हुकतात. एका कार्डावर सुमारे २० हजार परोपजीवीग्रस्त अंडी असतात. उसात खोडकिडीची अंडी दिसू लागताच ती शेतात हवीत. पंधरवड्याने मिळालेले कार्ड शेतकऱ्याच्या कामाचे नाही.

तक्रारवहीत मात्र ‘एसी चालत नाही’ एवढेच लिहिले जाते. अतिथिगृहाच्या खोलीबद्दलही हेच तीन शब्द असतात, मग लिपिकाने अग्रक्रम कशावरून ठरवावा? (बहुधा तो दालनाबाहेरच्या पाटीवरून ठरतो.) कक्षात काय आहे आणि थंडाव्याविना ते किती तास तग धरेल, हे तक्रार करणाऱ्यानेच नोंदवावे. ‘प्रलंबित’ या शेऱ्यापुढे कोणाकडे आणि कोणत्या सुट्या भागासाठी, तेही यावे.

खरा घोळ शेवटच्या टप्प्यात आहे. तंत्रज्ञ यंत्र सुरू करतो, हवा गार लागते, स्वाक्षरी होते आणि कार्यादेश बंद होतो. कक्षाला हवे असते ते रात्रंदिवस २६-२७ अंशांवर स्थिर राहणारे तापमान. म्हणून ४८ तासांची तापमाननोंद जोडल्याखेरीज पूर्ततेचा शेरा देऊ नये, आणि तो कक्षप्रमुखाने द्यावा. तोच बिघाड महिन्याभरात उद्भवल्यास जुनाच क्रमांक पुन्हा उघडावा. अन्यथा एकाच यंत्राच्या पाच फसलेल्या दुरुस्त्या वार्षिक अहवालात पाच पूर्ण कामे ठरतात. अपुऱ्या मनुष्यबळावर हा वाढीव भार आहे, असा आक्षेप येईल. पाच खेपांपेक्षा तो हलकाच आहे.

न बिघडलेल्या यंत्रांचेही कार्यादेश निघाले पाहिजेत. २६ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीत मंडी हाउसजवळचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय जळाले, तेव्हा इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत नसल्याचे अग्निशमन अधिकाऱ्यांनी सांगितले होते. कीटकसंग्रह असलेल्या प्रत्येक संस्थेने अग्निशमन पंपाची चाचणी आणि वातानुकूलनाची साफसफाई यांचे कार्यादेश फेब्रुवारीतच काढावेत, होळीनंतर नव्हे.