हुद्दा ‘वीरा’चा, करार चार वर्षांचा

सैन्यातील हुद्दे आणि नोकरदारांचे हक्क यांविषयी कामगारांच्या बैठकांतून काही प्रश्न वारंवार विचारले जातात. शिपायाला संघटना का करता येत नाही? दारूगोळा कारखान्यातील कामगार सैनिक आहे काय? ‘अग्निवीर’ हा हुद्दा की किताब? प्रश्न वेगवेगळे दिसले तरी त्यांचे मूळ एकच आहे. राज्यसंस्था माणसाला ज्या नावाने कामावर घेते, त्या नावावरून त्याचे हक्क ठरतात.

घटनेच्या १८ व्या कलमाने किताब रद्द केले. लष्करी व विद्याविषयक बहुमान तेवढे वगळले. ३३ व्या कलमाने सशस्त्र दलांतील व्यक्तींचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला. त्यानुसार १९५० च्या लष्कर कायद्याने कामगार संघटनेचे सभासदत्व, सभा-निदर्शने आणि वृत्तपत्रांशी संपर्क यांवर निर्बंध घालण्याची तरतूद केली. दारूगोळा कारखान्यातील मुलकी कामगार मात्र सैनिक नाही; त्याला संघटनेचा हक्क आहे. तरीही २०२१ मध्ये ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या करताना ‘अत्यावश्यक संरक्षण सेवा’ असे नाव देऊन, एक वर्ष मुदतीच्या कायद्याने त्याच्या संपावर बंदी घालण्याची सोय सरकारने करून घेतलीच.

आता अग्निवीराकडे पाहू. शिपाई, नाईक, हवालदार, सुभेदार ही परंपरागत हुद्द्यांची शिडी आहे. जून २०२२ मध्ये सरकारने या शिडीबाहेरचा एक स्वतंत्र हुद्दा निर्माण केला. नाव किताबासारखे भारदस्त. पण जाहीर झालेल्या अटी कंत्राटी कामगाराच्या! सेवा चार वर्षांची, निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि कायम होण्याची संधी फार तर २५ टक्क्यांना. ज्या ‘सेवानिधी’चा एवढा गाजावाजा झाला, त्यातील सरकारच्या वाट्याइतकीच रक्कम जवानाच्या स्वतःच्या पगारातून दरमहा ३० टक्के कापून जमा होते. ज्या कामगारविरोधी श्रमसंहितांशी आपला लढा आहे, त्यांतील २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतसुद्धा ठराविक मुदतीच्या कामगाराला सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी देण्याची तरतूद आहे. सीमेवर प्राण पणाला लावणाऱ्या तरुणाला तेवढेही नाही.

सैन्य तरुण राहावे म्हणून ही योजना, असे सरकार सांगते. सैन्य तरुण असावे, याला कोणाचा विरोध आहे? परंतु भरती-निवृत्तीचे वय बदलण्यासाठी निवृत्तिवेतन नाकारण्याची गरज काय? संघटनेवरील निर्बंधाचे समर्थन शिस्तीच्या नावाने केले जाते. पण म्हातारपणीच्या भाकरीने कोणती शिस्त बिघडते? उलट, ज्याला संप करता येत नाही, सभेत बोलता येत नाही, त्याच्या निर्वाहाची जबाबदारी राज्यसंस्थेवर अधिकच येते. त्याचे मौन हीच सवलत समजून त्याचा मोबदला कापणे म्हणजे निव्वळ शोषण होय.

शिपाई म्हणजे गणवेशातला शेतकऱ्याचा व कामगाराचा मुलगा, हे आपण विसरता कामा नये. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’वरील नौसैनिकांनी निकृष्ट अन्न व अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला, तेव्हा मोठ्या राष्ट्रीय पक्षांच्या नेत्यांनी त्यांना शरण जाण्याचा सल्ला दिला. कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेला ओ देऊन २२ फेब्रुवारीला त्यांच्या बाजूने उभा राहिला तो मुंबईचा कामगार.

आजही ते कर्तव्य आपलेच आहे. अग्निवीरांची नियमित सेवा आणि निवृत्तिवेतन ही मागणी केवळ माजी सैनिकांच्या मेळाव्यांपुरती राहता कामा नये. ती प्रत्येक कामगार संघटनेच्या आणि किसान सभेच्या मागणीपत्रात आली पाहिजे. ज्यांना बोलण्याची बंदी आहे, त्यांच्या वतीने बोलण्याची आपल्याला बंदी नाही.