विश्लेषण : पुरस्कार सरटेनला, मग फँटसीत भाव बेकरला का?

अमेरिकेच्या एनएफएलमध्ये २०२४ च्या हंगामातील सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार डेन्व्हर ब्राँकोजच्या पॅट्रिक सरटेनला मिळाला. प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच पळवण्याची, म्हणजे इंटरसेप्शनची कामगिरी त्याने त्या हंगामात ४ वेळा केली. तरीही बचावपटूंचे गुण मोजणाऱ्या फँटसी लीगमध्ये त्याच्यापेक्षा अ‍ॅरिझोना कार्डिनल्सचा बडा बेकर अधिक कामाचा ठरतो. असे का?

डायनॅस्टी लीग म्हणजे काय?

नेहमीच्या फँटसी लीगमध्ये हंगाम संपला की संघ मोडतो. डायनॅस्टीत तो कायम राहतो. आयपीएलमध्ये फ्रँचायझी मोजके खेळाडू राखून ठेवतात. इथे जवळपास सगळेच राखता येतात आणि दरवर्षी नवोदितांचा ड्राफ्ट होतो. साहजिकच, एका बचावपटूसाठी पुढच्या ड्राफ्टमधील हक्क देऊन टाकला आणि अंदाज चुकला, तर त्याचा फटका अनेक हंगाम बसतो.

इंटरसेप्शन फसवे का?

डॅलस काउबॉइजच्या ट्रेव्हन डिग्जने २०२१ मध्ये ११ इंटरसेप्शन केली. १९८१ नंतर एका हंगामात एवढी कोणालाच जमली नव्हती. पुढच्या हंगामात आकडा आला ३ वर आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सरावात गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. जमाल अ‍ॅडम्सचेही तसेच. सिअ‍ॅटल सीहॉक्सच्या या सेफ्टीने २०२० मध्ये क्वार्टरबॅकला पाडण्याचे, म्हणजे सॅकचे साडेनऊ बळी नोंदवले. बचावफळीतील मागच्या खेळाडूंसाठी तो विक्रम होता. पुढच्या हंगामात एकही नाही. अशा मोठ्या क्षणांना गुण भरपूर असतात, पण ते दरवर्षी येत नाहीत. टॅकल मात्र आठवड्यामागून आठवडे येत राहतात. बेकरने २०१९ मध्ये १४७ टॅकल केले, तेव्हा त्याच्या कारकिर्दीतील पहिले इंटरसेप्शनही व्हायचे होते. २०२४ मध्ये तो १६४ वर पोहोचला.

सरटेनचे दुखणे वेगळे आहे. रवींद्र जडेजाकडे चेंडू गेला की फलंदाज दुसऱ्या धावेचा विचार सोडतात. संघाच्या धावा वाचतात, पण धावफलकात जडेजाच्या नावापुढे काही लागत नाही. अव्वल कॉर्नरबॅकचे असेच होते. क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला पास टाकायचेच टाळतात. उलट नवख्या कॉर्नरबॅकला हेरून पास टाकले जातात, झेल पूर्ण होतो, मग तो झेल घेणाऱ्याला पाडतो आणि टॅकलचा गुण कमावतो. कच्चेपणाला बक्षीस देणारा हा बहुधा एकमेव खेळ असावा!

मग नेमके काय पाहावे?

खेळाडू मैदानात कुठे उभा राहतो, ते. चेंडू सुरू होतो त्या रेषेजवळचा सेफ्टी धावणाऱ्यांना पाडतो, अधूनमधून क्वार्टरबॅकवरही धावून जातो. खोलवर उभा राहणारा बराच वेळ नुसती राखण करतो. बाल्टिमोर रेव्हन्सचा काइल हॅमिल्टन दोन्ही करतो, हेच त्याचे बळ आणि हीच जोखीम. २०२३ मध्ये कोल्ट्सविरुद्ध एकाच सामन्यात त्याने ३ सॅक मिळवले, ते पुढे खेळवल्यामुळे. २०२४ मध्ये पासविरुद्धचा बचाव गळू लागल्यावर प्रशिक्षकांनी त्याला मागे नेले. संघाला ते फळले. फँटसीवाल्याला अशा बदलाची आगाऊ वर्दी कोणी देत नाही. तरी २००१ साली जन्मलेल्या हॅमिल्टनसाठी ड्राफ्टचा हक्क मोजणे पटते. ऑगस्ट २०२५ मध्ये रेव्हन्सनेही त्याच्याशी चार वर्षांचा, १० कोटी डॉलरहून मोठा करार केला.

बेकरचा जन्म जानेवारी १९९६ चा. जेतेपदाच्या शर्यतीत असलेल्याने त्याला जरूर घ्यावे. ज्याचा संघ नव्याने बांधायचा आहे, त्याने मात्र टॅकलचे आकडे ताजे असतानाच तो विकून तरुण खेळाडू पदरात पाडून घ्यावा.